शेवाळाची शेती आणि शेवाळाचा बाजार

शेवाळ हा पदार्थ आपल्या घरांतून आजवर केवळ तिरस्कारासच पात्र होता. विहिरीच्या पायऱ्या, न्हाणीघराची फरशी, पागोळ्यांखालचे दगड, परसांतील डोणीच्या कडा, जेथें म्हणून ओल टिकते तेथें तें उगवावयाचें, आणि पावसाळा सरतांना काथ्यानें व राखेनें तें खरवडून काढणें हें घरांतील एक ठरलेलें काम असावयाचें. वृद्ध माणसांचें पाऊल त्यावरून घसरूं नये म्हणून जो तो दुसऱ्यास सावध करी. तेंच शेवाळ आतां हिरव्या गोळ्यांच्या रूपानें बाटलींत बसून घरांत शिरलें आहे. बाळंतिणीच्या अशक्तपणास, मुलांच्या वाढीस, आजोबांच्या डोळ्यांस, किंबहुना कोणत्याहि तक्रारीस तें चालतें असें सांगणारे भेटतात. दुसऱ्या बाजूनें, गांवाकडील पडीक जागेंत हौद बांधा, शेवाळाची लागवड करा, तयार झालेला माल आम्हीच विकत घेऊं, अशा जाहिराती नोकरींतून मोकळ्या झालेल्या गृहस्थांस व शेतीकडे वळूं पाहणाऱ्या तरुणांस खुणावीत असतात. एकाच क्षुद्र वनस्पतीनें कुटुंबाच्या फडताळास आणि तिजोरीस असा एकदम हात घातलेला पाहून तिची कुळकथा वाचकांस जरा विस्तारानें सांगावी असें आम्हांस वाटलें.

प्रथम नांवाचा घोळ मिटविला पाहिजे. शेवाळ या एका शब्दांत आपण समुद्राच्या खडकावरील हातभर लांबीच्या पट्ट्यांपासून तों तळ्याचें पाणी हिरवें करून सोडणाऱ्या, पण सुटे सुटे कधींहि डोळ्यांस न दिसणाऱ्या कणांपर्यंत सर्व कांहीं कोंबतों. ज्यांचा धंदा होऊं पाहत आहे तीं हीं दुसऱ्या जातीचीं, म्हणजे सूक्ष्म शेवाळें. यांना मूळ नाहीं, खोड नाहीं, फूल नाहीं. एकेका पेशीचा जीव. सूर्यप्रकाश, पाण्यांत विरघळलेले क्षार आणि हवेंतील कर्बद्विप्राणिद वायु एवढ्यावर तो जगतो व दुभंगून एकाचे दोन होतो. गव्हाच्या रोपास आपल्या कमाईंतील मोठा भाग मुळें आणि काड उभारण्यांत खर्चावा लागतो. शेवाळास असला संसार नसल्यामुळें त्याचा सगळाच देह पीक ठरतो. क्लोरेला नांवाचें शेवाळ गोल असून त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनहि कमी भरतो. बाजारांत अधिक गाजलेली स्पायरुलिना फिरकीसारख्या पिळाच्या तंतूंची असते. शास्त्रज्ञांच्या मतें ती खरें शेवाळहि नव्हे. ती नीलहरित जीवाणूंच्या वर्गांत मोडते व तिचें शास्त्रीय नांव आर्थ्रोस्पायरा आहे. परंतु व्यापारास स्पायरुलिना हें नांव मानवलें, आणि आम्हीहि येथें तेंच वापरणार आहों.

हें खाणें कोणा आधुनिक शास्त्रज्ञाच्या डोक्यांतून निघालेलें नाहीं. १५१९ सालीं स्पेनचे लोक मेक्सिकोंत उतरले तेव्हां आझ्टेक लोकांची राजधानी टेक्सकोको नांवाच्या सरोवरांत वसलेली होती. त्या खाऱ्या पाण्यावरील हिरवी साय बारीक जाळ्यांनीं काढून, उन्हांत वाळवून तिच्या वड्या तेथील बाजारांत विकीत असत. बर्नाल दियास या शिपाईगड्यानें आपल्या वृत्तान्तांत त्या वड्यांची नोंद केली असून त्यांची चव त्यास पनीरासारखी वाटली. पुढें राज्य गेलें, सरोवर उपसून बरेंचसें कोरडें करण्यांत आलें आणि त्याबरोबर तें खाद्यहि विस्मृतींत गेलें.

दुसरी हकीकत आफ्रिकेंतील चाड सरोवराच्या परिसराची. तेथें कानेम्बु जमातीच्या बायका लहान खाऱ्या तळ्यांवरील शेवाळ मडक्यांनीं गोळा करितात, वाळूंत उथळ खळगा करून त्यांत तें ओततात, पाणी वाळूंत जिरलें म्हणजे वरचा हिरवा थर वाळवितात आणि त्याच्या वड्या पाडतात. यास त्या ‘दिहे’ म्हणतात व ज्वारी-बाजरीच्या जाड अन्नाबरोबर त्याचें कालवण करितात. १९४० सालीं एका फ्रेंच लष्करी औषधनिर्मात्यानें अशी एक वडी पाठविली आणि दांजार नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें तिचें परीक्षण करून ती केवळ एका सूक्ष्म तंतुमय शेवाळाची असल्याचें जाहीर केलें. महायुद्धाच्या धामधुमींत तिकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. १९६४-६५ सालीं सहारा ओलांडणाऱ्या बेल्जियन मोहिमेंतील जाँ लेओनार या वनस्पतिज्ञास तेथील बाजारांत त्याच हिरव्या वड्या पुन्हां दिसल्या, व तेथून या विषयास खरी चालना मिळाली.

त्याच सुमारास मेक्सिकोंत एक गमतीचा योग जुळून आला. टेक्सकोकोच्या उरल्यासुरल्या खाऱ्या पाण्यापासून सोडा काढणारी एक कंपनी तेथें होती. पाणी आटविण्यासाठीं तिनें गोगलगायीच्या शंखाप्रमाणें वळत जाणारा विस्तीर्ण तलाव केला होता. त्या तलावांत सोड्याच्या कामांत अडथळा आणणारें हिरवें शेवाळ माजूं लागलें. कंपनीनें फ्रान्समधील तज्ज्ञांस विचारलें, तेव्हां ही पीडा म्हणजेच स्पायरुलिना असें निष्पन्न झालें. सोड्याच्या कारखान्यानें मग शेवाळ गाळून, वाळवून विकावयास आरंभ केला, आणि १९७० नंतरच्या दशकांत स्पायरुलिनाचें मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणारा पहिला कारखाना म्हणून त्याची ख्याति झाली. पुढें १९९० नंतरच्या दशकांत तो बंद पडला.

जेथें सोडा सांचतो तेथें हें शेवाळ सांपडतें, हें सूत्र ध्यानांत घेतलें म्हणजे महाराष्ट्रीय वाचकास बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार आठवल्यावांचून राहणार नाहीं. उल्केच्या आघातानें काळ्या कातळांत पडलेला हा सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा. त्याच्या तळाशीं असलेलें पाणी इतकें क्षारयुक्त कीं, आम्ल-क्षार मोजण्याच्या १४ अंशांच्या मापावर तें १० च्या आसपास बसतें. येथील क्षारांचा व्यापार पूर्वापार चालत असे, आणि साबण व कांच यांच्या कामीं ते उपयोगी पडत हा उल्लेख अबुल फजलाच्या ऐने अकबरींतहि आला आहे. या पाण्याचा नेहमींचा गर्द हिरवा रंग याच वर्गांतील नीलहरित सूक्ष्मजीवांचा, आणि त्यांत स्पायरुलिनाहि आहे. २०२० च्या जून महिन्यांत पाणी एकाएकीं गुलाबी झालें तेव्हां नाना तर्क उठले होते. उन्हाळ्यानें पाणी आटून क्षारता वाढल्यामुळें दुसऱ्याच एका क्षारप्रिय सूक्ष्मजीवाचें राज्य तेथें झालें होतें असें तपासांत आढळलें. त्याच सालीं लोणारास आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत स्थान मिळालें. तो परिसर अभयारण्य असल्यामुळें तेथें शेवाळ काढण्याचा धंदा करतां येणार नाहीं, आणि येऊंहि नये. परंतु ज्या वस्तूचें मूळ आपण मेक्सिकोंत नि आफ्रिकेंत शोधतों ती आपल्या वऱ्हाडांत निसर्गतःच नांदत आहे, ही गोष्ट शाळेच्या सहलींतील मुलांस कोणी सांगत असेल तर आम्हांस आनंदच वाटेल.

आतां क्लोरेलाकडे वळूं. कारण शेवाळाच्या धंद्यांतील सर्वांत मोठी आशा व सर्वांत मोठी निराशा तिच्याच नांवावर आहे. १८९० सालीं बायरिंक या डच शास्त्रज्ञानें तिला शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें. झाडें प्रकाशावर अन्न कशीं रांधतात तें उलगडण्यासाठीं वॉर्बुर्ग आणि कॅल्विन या दोघांनींहि तिचा उपयोग केला, व कॅल्विनला त्या शोधाबद्दल १९६१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. दुसऱ्या महायुद्धानंतर जगाची लोकसंख्या वाढणार, अन्न पुरणार नाहीं, अशी धास्ती सर्वत्र पसरली होती. अमेरिकेंतील कार्नेगी संस्थेच्या प्रेरणेनें १९५१ सालीं मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें एका इमारतीच्या गच्चीवर क्लोरेलाचा प्रायोगिक कारखाना उभा राहिला, आणि १९५३ सालीं त्या सर्व प्रयत्नांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जपानांत तामिया या शास्त्रज्ञानें तिचा पाठपुरावा केला. धान्याच्या शेताहून कितीतरी पट प्रथिनें एवढ्याशा जागेंत निघतील आणि भुकेचा प्रश्न सुटेल, असा त्या काळचा सूर होता.

प्रश्न सुटला नाहीं. जगाच्या मुखीं जास्त घास घातला तो गव्हाच्या व भाताच्या नव्या वाणांनीं. क्लोरेलाची पेशी अतिशय चिवट कवचाची, त्यामुळें ती फोडल्यावांचून पचत नाहीं. तिचा कण इतका बारीक कीं कापडांतून तो निसटतो आणि त्यास पाण्यापासून वेगळें करावयास भराभर फिरणारीं यंत्रें लागतात. रंग गर्द हिरवा, वास तळ्याचा, आणि खर्च डाळीच्या कितीतरी पट. भुकेल्यांसाठीं योजलेलें हें अन्न शेवटीं जपान व तैवानमधील सुखवस्तु लोकांच्या पौष्टिक गोळ्यांत जाऊन बसलें. आम्हांस या सर्व इतिहासांतील ही कलाटणी फार बोलकी वाटते, कारण आजहि शेवाळाचें भाषण गरिबाच्या भुकेवर सुरू होतें आणि शेवाळाची बाटली श्रीमंताच्या मेजावर उघडते.

येथें वाचक सहजच विचारील कीं, क्लोरेला मागें राहिली व स्पायरुलिना पुढें गेली याचें कारण काय? कारण आपल्या घरांतील मंडळींस चट्कन समजण्यासारखें आहे. स्पायरुलिनास सोंवळें पाळतां येतें. उघड्या हौदांत कोणतेंहि पीक लावलें म्हणजे वाऱ्याबरोबर, पक्ष्यांच्या पायांबरोबर, पावसाबरोबर शेंकडों आगंतुक जीव येतात व यजमानास खाऊन टाकतात. स्पायरुलिना मात्र ज्या खारट, सोडामय पाण्यांत सुखानें वाढते त्यांत इतरांस पाय ठेववत नाहीं. ड्युनालिएला नांवाच्या शेवाळाचें सोंवळें याहूनहि कडक. मिठागरासारख्या पाण्यांत तें राहतें. क्लोरेलापाशीं असें कांहींच नसल्यामुळें तिला स्वच्छतेची, वेगाची व यंत्रांची मदत लागते. शेवाळांच्या जाती हजारों. पण उघड्या हौदांत फायद्यानें पिकवितां येतील अशा बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या, याचें मुख्य कारण हेंच.

स्पायरुलिनाच्या हौदाचें वर्णन केल्याशिवाय धंद्याची खरी कल्पना येणार नाहीं. हौद उथळ असतो, वीतभर पाण्याचा, कारण खोल पाण्यांत प्रकाश पोंचत नाहीं. आकार घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासारखा लांबट, मधोमध एक भिंत, आणि एका बाजूस रहाटासारखें वल्ह्यांचें चाक हळूहळू फिरत पाण्यास प्रदक्षिणा घालावयास लावतें. पाणी थांबलें तर वरचे तंतु उन्हानें करपतात व खालचे अंधारांत उपाशी राहतात. पाण्यांत खाण्याचा सोडा, मीठ, नत्र, स्फुरद, पालाश व किंचित् लोह घालावें लागतें. १९६६ सालीं झारुक या फ्रेंच संशोधकानें बसविलेलें मिश्रण आजहि प्रमाण मानतात, व त्यांत दर लिटरास १६.८ ग्रॅम सोडा सांगितला आहे. आतां १० मीटर लांब व १० मीटर रुंद हौद घेऊं. पाणी २० सेंटिमीटर भरलें तर तें २०,००० लिटर होईल, आणि त्यांत नुसता सोडाच सुमारें ३३६ किलो पडेल. पुष्कळ लोक याच्या निम्म्यावर भागवितात हें खरें. तरी पहिल्याच दिवशीं किती पोतीं फोडावीं लागतील याचा अंदाज यावा म्हणून हा हिशेब दिला.

पीक केवढें निघतें? चांगल्या हवेंत, चांगल्या देखरेखीखालीं एका चौरस मीटरमागें दिवसास ६ ते १० ग्रॅम कोरडा माल मिळाला तर उत्तम समजावें. म्हणजे वरील हौदांतून दररोज पाऊण किलोच्या आसपास. प्रयोगशाळेंतील एखाद्या उन्हाळी दिवसाचा सर्वोच्च आंकडा घेऊन त्यास ३६५ नीं गुणण्याची खोड जाहिरातदारांस असते; त्यांच्या गणितांत ढग येत नाहींत, थंडी पडत नाहीं आणि चाकाचा विजेचा पुरवठा कधींच खंडित होत नाहीं. वस्तुतः ३० ते ३७ अंश उष्णतेंत हें पीक जोमानें वाढतें, २० च्या खालीं तें जवळजवळ निजतें, आणि विदर्भांतील वैशाखवणव्यांत त्यास सावली द्यावी लागते. कोंकणांत चार महिने आकाश भरलेलें, आणि हौद उघडा असेल तर पाऊस सोडा पातळ करून सोंवळें मोडून टाकतो. तेथें छप्पर हवेंच.

कापणीचें काम मात्र आमच्या भगिनीवर्गास ओळखीचें वाटेल. हौदाच्या दोन हजार लिटर पाण्यांत एखादा किलो कोरडा माल असतो. तें पाणी बारीक विणीच्या कापडांतून गाळतात व खालचें पाणी पुन्हां हौदांत सोडतात. कापडावर राहिलेला चक्का गोड्या पाण्यानें धुवून, दडपणाखालीं निथळून घट्ट करितात; श्रीखंडाच्या चक्क्याहून तो दिसावयास वेगळा तो केवळ रंगानें. मग सोऱ्यासारख्या यंत्रांतून त्याच्या शेवया पाडून त्या वाळवावयास घालतात. ओला चक्का आपल्याकडील उकाड्यांत कांहीं तासांतच आंबतो, म्हणून शेवया त्याच दिवशीं कोरड्या झाल्या पाहिजेत. कुरडया घातल्या आणि आभाळ आलें म्हणजे घरांत जी धांवपळ उडते ती येथें नित्याचीच. नवख्या उत्पादकाचा माल हौदांत बिघडत नाहीं, तो या वाळवणांत बिघडतो. वास येतो, जंतु वाढतात आणि घेणारा परत पाठवितो.

आपल्या देशांत या विषयाचा पद्धतशीर अभ्यास म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेंत १९७० नंतरच्या दशकांत जर्मनीच्या सहकार्यानें झाला. त्या कामांतील व्यंकटरामन व बेकर यांनीं भारतांतील शेवाळ-संशोधनाच्या अनुभवावर १९८५ सालीं एक ग्रंथहि सिद्ध केला. मद्रासेस, म्हणजे आतांच्या चेन्नईंत, मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राच्या सी. व्ही. शेषाद्रि यांनीं तें ज्ञान खेड्यांतील स्त्रियांपर्यंत नेलें, लहान हौदांवर घरच्या घरीं स्पायरुलिना पिकविण्याचे प्रयोग केले. तामिळनाडूंतील सुमारें पांच हजार लहान मुलांस रोज एक ग्रॅम स्पायरुलिना देऊन पाहतां ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावीं डोळ्यांत पडणारे पांढरे डाग पुष्कळ अंशीं हटल्याचा त्यांचा अहवाल १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच प्रांतांतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यांत पॅरी मंडळींचें विस्तीर्ण शेवाळक्षेत्र असून तेथील माल परदेशीं जातो. जगाच्या बाजारांत मात्र या मालाचा सर्वांत मोठा उत्पादक चीन हाच होय.

तेलाच्या धंद्याची हकीकत थोडक्यांत सांगून पुढें जाऊं. कांहीं शेवाळांत स्निग्धांश भरपूर असतो, तेव्हां त्यापासून मोटारींचें इंधन काढावें या हेतूनें अमेरिकन सरकारनें १९७८ ते १९९६ या काळांत सुमारें अडीच कोटि डॉलर खर्चिले. न्यू मेक्सिकोंतील रॉस्वेल येथें हौद बांधले, पण रात्रींच्या थंडीनें उत्पन्न घटलें, आणि खनिज तेलाशीं किंमतींत टिकाव लागत नाहीं असा निष्कर्ष निघाला. २००९ सालीं एक्झॉनमोबिल या बलाढ्य तेलकंपनीनें ६० कोटि डॉलरपर्यंत खर्च करण्याचें जाहीर करून पुन्हां तोच मार्ग धरला. २०२३ च्या आरंभीं तिनेंहि त्यांतून अंग काढून घेतल्याचें वृत्त आलें.

पैसा मिळाला तो अन्नांत नव्हे, इंधनांतहि नव्हे, तर रंगांत आणि औषधीसदृश द्रव्यांत. ऑस्ट्रेलियांतील हट लगून व व्हायाला येथील खाऱ्या पाण्यांत ड्युनालिएला पिकवून गाजराचें पिवळें द्रव्य काढितात. मिठाच्या व उन्हाच्या जाचानें हें शेवाळ तें द्रव्य आपल्या कोरड्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत सांठवून ठेवतें व स्वतः केशरी होऊन जातें. स्पायरुलिनांत एक सुंदर निळा रंग असतो. खाण्यास निर्धोक असा नैसर्गिक निळा रंग फार दुर्मिळ, म्हणून २०१३ सालीं अमेरिकेच्या अन्नखात्यानें तो मिठाईंत वापरण्यास परवानगी देतांच त्याची मागणी वाढली. आणि तिसरी गोष्ट अशी, जिचा शाकाहारी कुटुंबांशीं निकटचा संबंध आहे.

माशांच्या तेलांत मेंदूच्या व दृष्टीच्या वाढीस आवश्यक असें डी. एच. ए. नांवाचें स्निग्धाम्ल असतें हें सर्वश्रुत आहे. परंतु मासा तें मुख्यतः स्वतः बनवीत नाहीं. समुद्रांतील सूक्ष्म शेवाळ तें बनवितें, आणि त्यास खाणाऱ्यास खाणाऱ्यास खाऊन तें माशांत येतें. अमेरिकेंतील मेरीलँड प्रांतांत १९८५ सालीं स्थापन झालेल्या मार्टेक कंपनीनें अशा एका शेवाळास बंद टाकींत, अंधारांत, साखरेवर वाढवून तें तेल काढलें, व २००१ सालीं तेथील अन्नखात्यानें तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटींत तें घालण्यास हरकत नसल्याचें कळविलें. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या जीवांच्या कुळांतील हा एक अंधारांत पोसला जाणारा आप्त. पण ज्यांच्या घरीं मासा शिजत नाहीं अशा गर्भवतीस डॉक्टरांनीं डी. एच. ए. घेण्यास सांगितलें तर शेवाळाचें तेल हा सोंवळ्यांत बसणारा मार्ग उपलब्ध आहे. शेवाळाच्या सर्व मालांत आमच्या मतें हा सर्वांत उपयुक्त.

गोळ्यांविषयीं मात्र आम्ही इतक्या मोकळेपणानें शिफारस करणार नाहीं. स्पायरुलिनाच्या भुकटींत शंभरांत ५५ ते ७० भाग प्रथिनें असतात आणि तुरीच्या डाळींत २२ च्या आसपास, हा आंकडा प्रत्येक बाटलीवर मिरवत असतो. तो खोटा नाहीं. पण डाळ आपण मुठीनें खातों आणि भुकटी चिमटीनें. दिवसास ३ ग्रॅम भुकटी घेणाऱ्याच्या पोटांत जेमतेम पावणेदोन ग्रॅम प्रथिनें जातात; ३० ग्रॅम डाळींत साडेसहा ग्रॅम असतात, आणि वर फोडणीचा सुवास मिळतो. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मूलद्रव्याचा लाभ चिमटीभर भुकटींतूनहि होतो, आणि शेषाद्रींच्या प्रयोगांत तोच दिसला. ज्या घरांत मेथी, शेवगा, माठ, गाजर पानांत येतें तेथें त्याचीहि वाण नसते.

याहून गंभीर बाब ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची. रक्ताच्या व मज्जातंतूंच्या आरोग्यास लागणारें हें द्रव्य धान्यांत वा भाज्यांत नसतें. शाकाहारी माणसास तें दूध-दह्यांतून जें थोडेंबहुत मिळेल तेवढेंच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुण्याजवळील खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा दीर्घ काल अभ्यास केला. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें त्यांतील दोनतृतीयांश स्त्रियांच्या रक्तांत ब-१२ कमी होतें, आणि त्या न्यूनतेचा परिणाम मुलांच्या पुढील आरोग्यावरहि दिसत होता. अशा समाजांत ‘ब-१२ नें समृद्ध’ अशी चिठ्ठी लावलेली हिरवी बाटली आली तर गृहिणीनें विश्वास ठेवल्यास नवल नाहीं. परंतु स्पायरुलिनांत जें मिळतें तें बहुतांशीं ब-१२ चें केवळ सोंग आहे. रचना जवळजवळ तीच, पण मनुष्यदेहास त्याचा उपयोग नाहीं. वातानाबे या जपानी शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं हें दाखवून दिलें. मग चिठ्ठीवर आंकडा येतो कोठून? जुन्या परीक्षापद्धतींत एका जंतूस तो पदार्थ खावयास घालून जंतु किती वाढतो त्यावरून ब-१२ मोजीत, आणि जंतूस खरें व सोंग दोन्हीं सारखींच चालतात. आंकडा जंतूच्या दृष्टीनें खरा. माणसाच्या दृष्टीनें नव्हे. हॉलंडमधील मांसाहार व दूध वर्ज्य करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांस शेवाळें देऊन पाहिलें तेव्हां रक्ततपासणींत ब-१२ चा आंकडा वर गेला, पण रक्तपेशींची विकृति कायमच राहिली, किंबहुना बळावली. १९९१ सालचा हा निबंध आहे. हातापायांस मुंग्या येणाऱ्या वृद्धास, दम लागणाऱ्या सुनेस, विसरभोळेपणाकडे झुकलेल्या सासूस शेवाळाच्या गोळ्यांवर महिनोन्महिने ठेवणें म्हणजे आंत चाललेली हानि झांकून ठेवणें होय. ब-१२ ची गोळी स्वस्त आहे, तपासणी सर्वत्र होते. त्या दोहोंऐवजीं ही बाटली कोणीं पुढें करूं नये.

शुद्धतेचीहि चौकशी केली पाहिजे. बंदिस्त हौदांत, तपासणीखालीं पिकविलेला माल निराळा आणि तलावावरून गोळा केलेला निराळा. अमेरिकेंतील क्लामथ सरोवरावरील एक शेवाळ असें गोळा करून विकत. त्यांत यकृतास घातक विष निर्माण करणाऱ्या दुसऱ्या एका शेवाळाची भेसळ होऊं शकते असें आढळून आल्यावर १९९७ सालीं ऑरेगॉन संस्थानानें त्या विषाची मर्यादा ठरवून दिली. पाण्यांतील शिसें वगैरे जड धातु शेवाळ शोषून घेतें, त्यामुळें विहिरीच्या पाण्याची परीक्षा केल्यावांचून काढलेला माल घेऊं नये. फिनिलकीटोन्यूरिया या जन्मजात विकाराच्या मुलांस हें प्रथिन वर्ज्य आहे, आणि शरीराची रोगनिवारक शक्ति स्वतःवरच उलटण्याचे जे विकार असतात त्यांत डॉक्टरांस विचारल्याशिवाय तें सुरू करूं नये.

आतां ज्यांस हौदच बांधावयाचे आहेत त्यांच्यासाठीं चार शब्द. या धंद्यांत नफा कोणासहि होत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. पण जो बियाणें, सोडा, चाक, प्लॅस्टिकचा कागद व शिकवणी विकतो त्याचा नफा तुमचा हौद हिरवा होण्यापूर्वींच त्याच्या पदरीं पडलेला असतो. तेव्हां ‘माल आम्ही परत घेऊं’ असें म्हणणाऱ्यास भाव, प्रमाण, मुदत आणि नापसंतीचीं कारणें करारांत लिहून द्यावयास सांगावें. त्याच्याकडे दोन वर्षें माल घातलेल्या निदान तिघांस त्याच्या गैरहजेरींत भेटावें. एक लहान हौद घेऊन पावसाळा व हिंवाळा दोन्हीं काढून पाहावे. वडिलोपार्जित जमीन गहाण टाकून एकदम दहा हौद बांधूं नयेत. वाळवणीची सोय हौदाच्या आधीं करावी, आणि गिऱ्हाईक वाळवणीच्याहि आधीं.

सूक्ष्म शेवाळाची एक शेती आपल्या किनाऱ्यावर आजहि मुकाट्यानें चालू आहे, व तिची जाहिरात कोठेंहि दिसत नाहीं. कोळंबीचें बीज तयार करणाऱ्या केंद्रांत अंड्यांतून निघालेल्या पिलांस पहिले कांहीं दिवस जिवंत शेवाळाखेरीज दुसरें कांहीं फारसें मानवत नाहीं. त्यासाठीं तेथें कीटोसेरॉससारखीं तपकिरी शेवाळें प्रथम कांचेच्या चंबूंत, मग पिंपांत, मग टाक्यांत अशीं चढत्या पायरीनें वाढवावीं लागतात. तीं दूरवर पाठवितां येत नाहींत व बाटलींत भरून ठेवतां येत नाहींत, म्हणून ज्याची कोळंबी त्यानेंच दररोज पहांटे उठून आपलें शेवाळ पाहावें लागतें.